सोडलेल्या वस्तूला पॉइंट मिळत नाहीत



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाची सभा झाली. चातुर्मास तोंडावर आलाय, तेव्हा कार्यक्रम ठरवायचे होते. विधान, भक्तामर पाठ, पाककृती स्पर्धा हे नेहमीचं ठरलं. मग आमच्या नव्या चिटणीस वहिनींनी एक कल्पना मांडली. सगळ्या जणींनी मोबाईलवर एकच ॲप घ्यायचं. त्यात प्रत्येकीची एक बाहुली तयार होते, आपल्यासारखीच दिसणारी. तिला म्हणे ‘अवतार’ म्हणतात. आपण चाललो की अवतार सडपातळ होतो, हसतो, नवी साडी नेसतो. बसून राहिलो की सुस्तावतो, तोंड पाडतो. दुकानातून ‘हेल्दी’ वस्तू आणली आणि तिचा बारकोड मोबाईलला दाखवला की पॉइंट मिळतात. चातुर्मासात, दशलक्षण पर्वाचे दहा दिवस धरून, जिची पावलं आणि पॉइंट सर्वांत जास्त होतील तिला अनंत चतुर्दशीला चांदीचं नाणं.

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी हात वर केले, मी केला नाही. अध्यक्षा हसून म्हणाल्या, “काकू, तुम्हाला मोबाईलचं वावडं दिसतंय.” मी गप्प बसले, कारण उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. ते आज इथे लिहिते.

मला मोबाईलचं वावडं नाही. हा ब्लॉग मी मोबाईलवरच लिहिते, लाईटबिल मोबाईलवर भरते, नातवाचा अभ्यास मोबाईलवर घेते. आणि मुख्य म्हणजे, असला अवतार मी गेल्या वर्षी चार महिने सांभाळलाय. त्यामुळे मी बोलते ते ऐकीव नाही.

झालं असं. गेल्या वर्षी मे महिन्यात माझी तीन महिन्यांची साखर ७.९ आली. डॉक्टर म्हणाले, चाला आणि ताटातलं कमी करा. मुलानं आमच्या आरोग्यविम्याच्या कंपनीचं ॲप मोबाईलवर घालून दिलं. विमा नियामकानं २०२० मध्ये अशा ‘वेलनेस’ बक्षिसांचे नियम घालून दिल्यापासून विमा कंपन्या पावलांवर पॉइंट देतात. सूनबाईंनी माझा फोटो घेऊन अवतार बनवला. पांढरे केस, चष्मा, गोल चेहरा. नातू म्हणाला, “आजी, ही तूच आहेस!” आणि खरं सांगते, मला त्या बाहुलीचा लळा लागला.

जे खरं ते आधी मान्य करते. त्या बाहुलीनं मला घराबाहेर काढलं. चाळीस वर्षं ‘वेळ मिळाला की चालेन’ म्हणणारी मी जूनमध्ये रोज सकाळी मंदिरातून परस्पर आमराईत जाऊ लागले. ही काही माझीच गोष्ट नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ साली याचा प्रयोग झाला. ज्यांना स्वतःसारखाच चेहरा असलेली आकृती पळताना दाखवली, त्यांनी पुढच्या चोवीस तासांत इतरांपेक्षा जास्त व्यायाम केला. परक्या चेहऱ्याची आकृती दाखवली तर तेवढा फरक पडला नाही. म्हणजे आपलाच चेहरा आपल्याला हलवतो. सिंगापूरला २०१५ पासून सरकारच पावलांची मोहीम चालवतं, पावलांवर आणि आरोग्यदायी खरेदीवर पॉइंट देतं आणि त्या पॉइंटांची व्हाउचर मिळतात. दक्षिण आफ्रिकेत एका मोठ्या आरोग्यविमा कंपनीनं २००९ पासून सुपरमार्केटमधल्या फळं-भाज्या-कडधान्यांवर २५ टक्क्यांपर्यंत पैसे परत दिले, तेव्हा लोकांच्या खरेदीत अशा वस्तूंचा वाटा खरंच वाढला. हे काहीच चालत नाही असं मी म्हणणार नाही. चालतं.

पण कशासाठी चालतं, किती दिवस चालतं आणि कोणाच्या फायद्यासाठी चालतं, हे तीन प्रश्न राहतात. मी बी.कॉम. आहे, आणि लग्नानंतर नोकरी केली नसली तरी घराचा जमाखर्च एकेचाळीस वर्षं लिहिलाय. जमा दिसली की नावे कुठे पडलंय ते मी शोधतेच.

आधी पावलांचा हिशेब बघू. ॲपनं मला रोज ८,००० पावलांचं लक्ष्य दिलं होतं. माझ्या एका मैत्रिणीला १०,००० चं. हा दहा हजारांचा आकडा कुठून आला, ठाऊक आहे? १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असं होतं. आकडा लक्षात राहण्यासारखा होता, म्हणून तो जगभर पसरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं, म्हणजे आपल्याच वारगीच्या. त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं टाकणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी चालून फारसा फरक दिसला नाही. हे वाचून मला हायसं वाटलं. पण बाहुलीला ‘पुरे’ हा शब्दच माहीत नव्हता. ८,००० झाली की ती नाचायची आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्य ८,२०० करायची.

शिवाय ती मोजायची ते काय? सकाळी तीन तास मी स्वयंपाकघरात उभी असते. पाणी गाळते, भाकरी थापते, ओटा धुते. मोबाईल फडताळात असतो. त्या तीन तासांची नोंद शून्य. उलट आमच्या नातवानं एक दिवस माझा मोबाईल झोपाळ्याच्या कडीला बांधला आणि तासभर झोके घेतले. बाहुलीची दोन-अडीच हजार पावलं झाली! आमचे हे म्हणाले, “आता झोपाळा बारीक होणार बघ.”

हसण्यावारी नेलं तरी एक गोष्ट मला खुपली. चालताना मी मोबाईलकडे बघू लागले होते. आपल्याला लहानपणापासून ईर्यासमिती शिकवतात. चार हात पुढची जमीन बघत पाऊल टाकायचं, पायाखाली जीव येऊ द्यायचा नाही. मुनिमहाराजांना ती महाव्रतासारखी पाळायची असते, आपण जमेल तेवढी. आणि जुलैच्या पावसात, गांडुळं आणि गोगलगाई वाटेवर आलेल्या असताना, मी आकड्याकडे बघत आमराईत फेऱ्या मारत होते. चातुर्मासात महाराज विहार थांबवतात तो जीवांसाठीच. आपण श्रावक-श्राविकांनीही त्या दिवसांत येणं-जाणं मोजकं ठेवायचं असतं. म्हणजे चालायचं नाही असं नाही. पण पाऊस असताना विनाकारण चार फेऱ्या जास्त मारायच्या, तेही बाहुलीनं तोंड पाडू नये म्हणून, याला काय म्हणायचं?

आता बाजाराचा हिशेब, कारण आपल्या मंडळाच्या योजनेत तोही आहे.

ॲपच्या ‘आरोग्यदायी’ यादीत काय होतं सांगते. अंडी, मशरूम, गाजर, बीट, रताळं, ग्रीन टी आणि त्यात घालायला मध. मधाच्या बाटलीला तर ५० पॉइंट! आपल्या घरात जो कधी आला नाही, त्याला सर्वांत जास्त गुण. रोज रात्री साडेआठला विचारणा व्हायची, ‘रात्रीचं जेवण नोंदवा.’ आमचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपलेलं असतं आणि ते मी संध्याकाळच्या नाश्त्यात लिहायची, म्हणून रात्रीची चौकट रिकामी राहायची. बाहुलीच्या लेखी मी रोज एक जेवण चुकवत होते. आता लवकर जेवावं असं डॉक्टरही सांगू लागलेत. बाहुलीला तेवढंही कळत नव्हतं.

हे तुम्ही म्हणाल, दुरुस्त करता येईल. उद्या कुणी हुशार मुलगा ‘जैन अवतार’ काढेल, त्यात कंदमुळं नसतील, मध नसेल, चौविहाराची आठवण असेल. येईलही. तरी माझा मुख्य आक्षेप उरतोच. तो असा: ॲप पॉइंट कशाला देतं? घेतलेल्या वस्तूला. बारकोड कशावर असतो? विकायच्या पाकिटावर. मंडईत म्हातारीच्या टोपलीतल्या दोडक्याला बारकोड नाही. गिरणीतून दळून आणलेल्या शाळूच्या पिठाला बारकोड नाही. आणि जे आपण घ्यायचं सोडलं, त्याला तर मुळीच नाही. मी गेल्या वर्षी बेकरीची खारी आणि बिस्किटं बंद केली. माझ्या साखरेला सर्वांत जास्त उपयोग याचा झाला असं डॉक्टर म्हणाले. त्याचे पॉइंट किती मिळाले? शून्य. कारण न घेतलेल्या बिस्किटाची कंपनीला काय खबर?

माझ्या वहीतला हिशेबच देते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पॉइंटांवर मला मिळालेली सवलत ३४० रुपये. ती सवलत ठरावीक दुकानांत, ठरावीक मालावर. ती वापरण्यासाठी मी आणलेला माल: ग्रॅनोला, डाएट चिवडा, मल्टिग्रेन बिस्किटं, खजुराच्या वड्या. खर्च, सवलत वजा जाता, २,३६० रुपये. यातली एकही वस्तू मी एरवी आणली नसती. ग्रॅनोलाच्या पाकिटामागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, शंभर ग्रॅममध्ये साखर २२ ग्रॅम. मधुमेहाच्या बाईला ‘आरोग्यदायी’ म्हणून पॉइंट देऊन विकलेला माल हा! ३४० जमा, २,३६० नावे. याला वाण्याच्या घरात बचत म्हणत नाहीत.

आणि आणखी एक नोंद खतावणीत दिसत नाही, ती म्हणजे माहिती. मी किती वाजता उठते, कुठे चालते, काय खाते, माझं वजन, माझी साखर, हे सगळं मी स्वतःच्या हातानं भरून दिलं. ते उद्या कुणाच्या कामी येईल, मला माहीत नाही. घरातला जमाखर्च आपण शेजारणीला दाखवत नाही, आणि शरीराचा जमाखर्च परक्याला पोहोचता केला तो ३४० रुपयांत.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते. माझ्या मुलानं ‘लिहू नकोस’ म्हटलं होतं. पण चिटणीस वहिनींनी स्पर्धेत दशलक्षण पर्व धरलंय, म्हणून लिहिणं भाग आहे.

गेल्या वर्षी उत्तम तपाच्या दिवशी माझा उपवास होता. फक्त दुपारी एकदा गरम पाणी. सकाळी सवयीनं साखरेची गोळी घेतली गेली, ती माझी पहिली चूक. दिवसभर पूजा, प्रवचन. संध्याकाळी प्रतिक्रमणाआधी मोबाईल बघितला तर पावलं ४,१००. बाहुली मान खाली घालून बसलेली. ‘८६ दिवसांची साखळी आज तुटणार!’ असं लिहून आलं. सुट्टी मागायची सोय होती, पण कारणं दोनच: ‘आजारी’ आणि ‘प्रवासात’. ‘उपवास’ असं कारणच नव्हतं. ‘आजारी’ लिहायला मन होईना, ते खोटं झालं असतं. म्हणून मी घरातच फेऱ्या मारायला लागले. सोप्यातून माजघर, माजघरातून सोपा. ७,६०० च्या पुढे गेल्याचं आठवतं. मग हातापायाला घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारलं आणि मी माजघराच्या उंबऱ्यावर पडले. साखर ५४ वर आली होती. कपाळाला चार टाके पडले. उपवास मोडावा लागला.

दवाखान्यातून आल्यावर मुलानं एकच विचारलं, “आई, उपवास तुझा होता. चालणं कुणाचं होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. सकाळी मोबाईल उघडला तर बाहुली म्हणत होती, ‘काल आपली भेट झाली नाही!’

ॲपला मी दोष देत नाही. त्याला उपवास कळायला जागाच नव्हती. गोळी मी घेतली, फेऱ्या मी मारल्या. पण साठी उलटलेली, शिकलेली, पाठशाळेत मुलांना शिकवणारी बाई एका चित्राचं तोंड पडू नये म्हणून उपाशीपोटी चार हजार पावलं चालते, तर त्या चित्रात काहीतरी ओढ आहेच ना? ती ओढ कुणीतरी विचार करून घातलेली आहे. १९९६ साली जपानमध्ये तामागोची नावाचं अंड्याएवढं खेळणं निघालं. त्यातल्या पिल्लाला वेळेवर खाऊ घातलं नाही तर ते मरायचं, आणि शाळकरी पोरं रडायची. आपल्या हातातली बाहुली त्याचीच बहीण आहे. फरक एवढाच की त्या पिल्लाला चेहरा पिल्लाचा होता, हिला आपला आहे.

तुम्ही म्हणाल, काकूंचं एकदा बिनसलं म्हणून सगळ्यांनी का सोडायचं? उपवासाच्या दिवशी स्पर्धा बंद ठेवू. ठीक आहे. तरी दुसरा प्रश्न राहतो, किती दिवस? २०१६ साली पोकेमॉन गो हा खेळ आला तेव्हा जगभर तरुण मुलं मोबाईल घेऊन रस्त्यावर धावली. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या खेळाडूंचा अभ्यास छापून आला. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावलं वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती पहिल्यासारखी झाली. कॅनडात सरकारी पैशावर कॅरट रिवॉर्ड्स नावाचं ॲप २०१६ मध्ये सुरू झालं. चालल्याबद्दल सिनेमाचे, पेट्रोलचे पॉइंट मिळायचे. दहा लाखांवर लोक त्यात होते. जून २०१९ मध्ये पैसे संपले आणि ॲप बंद पडलं. आपल्या सासूबाईंचे नियम कुणाचा निधी संपला म्हणून बंद पडले, असं कधी ऐकलंय?

इथे धर्माचं बोलायला हवं. आपण अवतार मानत नाही. वरून कुणी खाली उतरून आपल्याला तारेल, असं आपल्याकडे नाही. तीर्थंकरांनीही वाट दाखवली, पण चढायचं ज्याचं त्यानं. मला वाटतं, मोबाईलमधल्या अवतारालाही हाच नियम लावावा. आणि तपाचं फळ मागणं याला आपल्याकडे निदान म्हणतात. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं, म्हणजे आत रुतलेले काटे. काटा रुतलेला असताना व्रत पाळलं तरी त्याला व्रत म्हणत नाहीत. चांदीच्या नाण्यासाठी दशलक्षणात केलेला संयम कोणत्या खात्यात जमा करायचा, हे चिटणीस वहिनींनी मला सांगावं.

कुणी म्हणेल, मग पाठशाळेत मुलांना बक्षीस देता ते? देते. सहा वर्षांच्या पोराला णमोकार पाठ झाला की मीच पेन्सिल देते. पण ते पोर आहे. त्याला सवय लागली की पेन्सिल बंद होते. आपण साठीच्या बायकांनी पेन्सिलसाठी किती दिवस चालायचं?

आता उलट बाजूनंही बोलते, नाहीतर माझी बाजू लंगडी पडेल. सभेनंतर एक जण मला म्हणाली, “बरोबर आहे काकू, आपल्या शास्त्रात सगळं आहेच, असल्या ॲपची आपल्याला गरजच काय?” या बोलण्याचा मला त्या बाहुलीपेक्षा जास्त राग येतो. शास्त्रात आहे, पण आपल्या घरात आहे का? २०२३ साली आयसीएमआरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण. त्यात आपण नाही असं समजू नका, आपल्या मंडळातल्या किती जणींच्या पर्समध्ये साखरेची गोळी आहे ते मोजा. कांदा-लसूण नाही म्हणून फरसाण पौष्टिक होत नाही. ‘जैन’ असं छापलेल्या केळ्याच्या वेफर्सच्या पाकिटावर पामोलिन लिहिलेलं असतं, ते आपण वाचत नाही. दिवसभर एकाशन करून एकाच बैठकीत तीन पुरणपोळ्या आणि वाटीभर तूप, आणि पारण्याला श्रीखंड-जिलेबी. अन्नाबद्दलचं आपलं सगळं लक्ष ‘चालतं की चालत नाही’ यावर. ‘किती’ हा प्रश्न आपण विचारतच नाही. आणि तपाचे फ्लेक्स चौकात लावून घेणाऱ्या आपण, बाहुलीच्या पॉइंटांना नावं ठेवायला तोंड तरी कुठे उरलंय?

‘किती’चं उत्तर आपल्याकडे होतं. सहा बाह्य तपांत उपवासाच्या लगेच पुढे अवमौदर्य सांगितलंय, भुकेपेक्षा चार घास कमी खाणं. त्याच यादीत रसपरित्याग आहे, तूप, दूध, दही, तेल, गोड, मीठ यांतलं काहीतरी सोडणं. माझ्या सासूबाई रविवारी मीठ सोडायच्या, मंगळवारी गोड, शनिवारी तेल. त्यांना रक्तदाबाचं यंत्र माहीत नव्हतं. आज आहारतज्ज्ञ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगतात, म्हणजे एक चमचाभर. लोणचं-पापड-चटणीच्या ताटात ते सकाळीच संपतं. श्राविकेच्या बारा व्रतांत भोगोपभोगपरिमाण आहे. आज काय-काय आणि किती वापरणार, हे सकाळी स्वतः ठरवायचं. खरेदीला जाताना हातात यादी असते ना, तसंच हे व्रत आहे. फक्त ही यादी आपण स्वतःला घालून दिलेली, विकणाऱ्यानं आपल्याला दिलेली नव्हे.

या दोन याद्यांत मोठा फरक आहे. ॲप रोज विचारतं, आज काय घेतलंस? व्रत रोज विचारतं, आज काय सोडलंस? पहिल्या प्रश्नावर कुणाचा तरी धंदा चालतो, म्हणून तो प्रश्न रंगीबेरंगी असतो, नाचतो, नाणं देतो. दुसऱ्या प्रश्नावर कुणाचाच धंदा चालत नाही. म्हणून तो आपला आपणच विचारायचा असतो, आणि म्हणूनच तो विसरला जातो.

मग मंडळानं करायचं काय? नुसता विरोध करून मी घरी बसणार नाही. रविवारच्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे, त्या इथे आधीच लिहिते.

पहिली, स्पर्धा नको, नियम घेऊ. चातुर्मासापुरता, वहीत लिहून, मंदिरात उभं राहून. रोज उजेडात अर्धा तास चालणं, तीन-तीन जणींच्या गटानं. गटातली एक आली नाही तर दुसरीनं तिच्या घरी जाऊन विचारायचं, “काय गं, बरं आहे ना?” बाहुली तोंड पाडते, पण दार वाजवत नाही. पाऊस असेल त्या दिवशी मंदिराच्या मंडपात चालू, नाहीतर घरात. गोळ्या-इन्सुलिनवाल्या जणींनी उपवास ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, हे नियमातच लिहू. मी विचारलं नव्हतं.

दुसरी, महिन्याच्या शेवटी प्रत्येकीनं ‘न घेतलेल्याची यादी’ आणायची. या महिन्यात काय आणायचं टाळलं आणि त्याचे किती रुपये वाचले. मी तीन महिने ठेवली. खारी, बिस्किटं, थंड पेयं, तळलेलं फरसाण मिळून महिन्याला सरासरी ७८० रुपये. त्यातले निम्मे आम्ही पांजरपोळात देतो. ॲपच्या ३४० पेक्षा हा आकडा बरा आहे की नाही? आणि जे पाकीट घरात येईलच, ते उलटं करून वाचायला शिकू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचा नियमच आहे. पहिल्या तिनांत साखर, मैदा किंवा पामोलिन दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही. साखरेचं नाव बदललेलं असतं, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, तेही ओळखायला शिकू. चिटणीस वहिनींना मोबाईलची हौस आहे, त्यांनी हे पाकीटवाचन शिकवावं. माझ्यापेक्षा त्या चांगलं शिकवतील.

तिसरी, मोबाईल टाकून द्यायचा नाही. त्याला मुनीम म्हणून ठेवायचं. मुनीम हिशेब लिहितो, पेढीचा मालक होत नाही. मी आजही पावलं मोजते. अवतार, साखळी, पॉइंट, सूचना सगळं बंद करून फक्त आकडा ठेवलाय, आणि तो दिवसातून एकदाच बघते, संध्याकाळी. साडेचार-पाच हजार होतात. मला पुरे आहेत. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची साखर ६.८ आली. कपाळावरची खूण मात्र राहिलीय. कुंकू लावताना रोज दिसते.

चिटणीस वहिनी हे वाचतील. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि सगळ्या जणी निरोगी राहाव्यात ही कळकळ मला ठाऊक आहे. माझा विरोध त्यांना नाही, त्या नाण्याला आहे. रविवारी चार वाजता सभा आहे, सूर्यास्ताआधी घरी पोहोचता येईल. या, आणि माझं पटलं नसेल तर समोरासमोर सांगा. लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.